रिपोर्टातलं 'कॅल्सिफिकेशन' आणि आमची उडालेली झोप

संपादकसाहेब, नमस्कार.
आमची आत्ती रंकाळ्यावर पाय घसरून पडली, डोक्याचा सीटी स्कॅन केला आणि रिपोर्टात 'कॅल्सिफिकेशन' (म्हणजे कॅल्शियम साचणं) वाचून अख्खं घर गार, शेजारच्यांनी तर डायरेक्ट ट्यूमरच ठरवला (आमच्या पेठेत डॉक्टर लई!). अहो, मेंदूतल्या पिनियल ग्रंथीत, कोरॉइड प्लेक्ससमध्ये (मेंदूतलं पाणी तयार करणारा भाग) कॅल्शियम साचणं मोठ्या माणसांत कॉमन असतंय, सीटीवर ते हाडासारखं पांढरंशुभ्र दिसतं, ताजं रक्तपण पांढरंच दिसतं पण कॅल्शियम सहसा 100 हाउन्सफिल्ड युनिटच्या (सीटीवर घनता मोजायचं माप) वर जातं म्हणून फरक कळतो. साध्या एमआरआयवर मात्र ते सुटूनही जातं. हां, तरुण माणसाच्या बेसल गँग्लियात (मेंदूच्या आतल्या खोल भागात) दोन्हीकडं भरपूर दिसलं तर रक्तातलं कॅल्शियम, पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथी) तपासायला पाहिजे. रिपोर्ट देताना एवढं दोन वाक्यांत सांगायला काय जातंय?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर