आरोग्यमंत्रीसाहेब, साखर मोजलीत, चरबी राहिली

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

मी नारायण पेठेत मेस चालवते. स्पर्धा परीक्षेची तीसेक पोरं दोन वेळ जेवतात. मला शुगर निघून नऊ वर्षं झाली. त्यांच्या ताटात भाताची मूद, माझ्या ताटात आधी काकडीची कोशिंबीर आणि मग दीड भाकरी. रश्शावरची तर्री डावाने बाजूला काढायची. एकादशीला साबुदाणा तर सोडलाच. शुगरवाल्याला त्याच्याइतकं फसवं काही नाही.

गेल्या वर्षी आमच्या भागात तपासणी शिबिर झालं. बोटाला टोचलं, मशिनवर १४८ आलं, कागदावर ‘कंट्रोल’ लिहिलं आणि पुढच्याचं बोट धरलं. काय खाल्लंत, कधी खाल्लंत, कुणी विचारलं नाही. मी भीतभीत कोलेस्टेरॉलचं काढलं, तर उत्तर मिळालं, ‘‘ताई, तुम्ही एवढ्या बारीक, तुम्हाला कसलं कोलेस्टेरॉल?’’

पंधरा दिवसांनी पदरचे पैसे घालून लॅबमध्ये रक्त दिलं. एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखर, ८.४ आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५६. दोन्ही जास्त. शिबिरातला आकडा खोटा नव्हता, पण तो त्या घटकेचा होता. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि साखर त्यांना चिकटत राहते, म्हणून एचबीएवनसीत मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं उघडं पडतं. आणि एलडीएल मधुमेह्याचं निदान शंभराच्या आत तरी हवं, हृदयविकार किंवा त्याचा जास्त धोका असेल तर आणखी खाली. मधुमेह्याचा घात बऱ्याच वेळा हृदयाकडूनच होतो, मग नुसती साखर मोजून काय साधतं?

बारीक असण्याचं म्हणाल, तर त्याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! अंगातली चरबी आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल एक नव्हे, हे मलाही कळतं. पण वरून बघून आतलं ओळखता येत नाही, हे तर खरं ना?

आता गोळ्यांचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या-उपचार मोफत झाले, त्याबद्दल मनापासून आभार. मी ज्या सरकारी दवाखान्यात गेले, तिथे शुगरची गोळी मिळाली, कोलेस्टेरॉलची ‘आलेली नाही’. मिळाली तीसुद्धा कात्रीने कापलेल्या पट्टीत, दहा गोळ्या. मुदतीची तारीख दुसऱ्या कुणाच्या तरी तुकड्यावर गेली होती. दहा दिवसांनी परत या म्हणाले, तेही सकाळी, नेमक्या माझ्या पोळ्यांच्या वेळेला. शुगरची गोळी चुकली तर निदान घशाला कोरड पडते, सारखं उठावं लागतं. कोलेस्टेरॉलची चुकली तर काहीच दुखत नाही, म्हणून माणसं तीच आधी सोडतात. रिपोर्ट नॉर्मल आला की ‘आता कशाला’ म्हणून बंद करणारे माझ्याच गल्लीत चारजण आहेत. तो नॉर्मल गोळीमुळेच आलेला असतो, हे त्यांना कुणी बसवून सांगितलेलं नाही.

फार मागत नाही. ज्याला शुगर आहे त्याचं एचबीएवनसी आणि कोलेस्टेरॉल दवाखान्यातच तपासलं जावं. दोन्ही गोळ्या एकदम महिन्याच्या द्याव्यात, अख्ख्या पट्टीत. आठवड्यातून एक दिवस तरी संध्याकाळी दवाखाना उघडा ठेवावा. धुणीभांडी करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या कुणालाच सकाळ मोकळी नसते.

आणि पुढच्या शिबिराची तारीख चार दिवस आधी कळवायला सांगा. भाजी रात्रीच चिरून ठेवीन आणि उपाशीपोटी येईन.

आपली,
नारायण पेठेतली एक मेसवाली