गोधडीचे कच्चे टाके टेबलावर घाला की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गोधडीवर लेख आला होता, आजीची माया, ऊब वगैरे सगळं छान, पण ती शिवताना कंबर कोणाची जाते यावर एक ओळ नाही. हल्ली कोणी गोधडी करायला घेत नाही त्याचं कारण धावदोरा नाहीये हो, धावदोरा काय सिरीयल बघत पण होतो, खरा वैताग त्याच्या आधीचा. जुन्या साड्यांचे तीन-चार थर फरशीवर पसरा, कोपऱ्यांवर वजनं ठेवा आणि मग थर हलू नयेत म्हणून रांगत रांगत तात्पुरते कच्चे टाके घाला, आणि इतकं करून मधे झोळ राहतोच, तो कळतो अर्धी गोधडी शिवून झाल्यावर.

हेच काम टेबलावर करता येतं. सुताराकडून दोन सरळ लाकडी पट्ट्या आणायच्या, गोधडीच्या रुंदीपेक्षा थोड्या लांब. एकीवर अस्तर गुंडाळायचं, दुसरीवर वरचा थर, उलगडताना अस्तराची उलटी बाजू वर येईल आणि वरच्या थराची सुलटी एवढं बघायचं. मधल्या साड्या नुसत्या घडी करून दोन्ही गुंडाळ्यांच्या मधे ठेवायच्या. आपल्याकडची कड जुळवून हातभर उलगडा, तळव्याने चुण्या काढा, दोन-दोन इंचाचे तिरके टाके घाला, झालेला भाग मांडीवर ओढून घ्या आणि पुढचा हातभर उलगडा. खुर्चीत बसून सगळं, आणि कपडा पट्टीवर ताणलेला असल्यामुळे झोळ फारसा पडतच नाही. दोरा मात्र पांढराच घ्या, गडद दोऱ्याचा रंग कधीकधी उतरतो आणि फिक्या साडीवर डाग राहतो.

टाके नकोच असतील तर सेफ्टी पिना, मधून सुरुवात करून कडेकडे जायचं, चार-चार बोटांवर एक. आधी सगळ्या नुसत्या टोचून घ्यायच्या आणि मग चमच्याच्या कडेने टोक उचलून एकदम बंद करायच्या, बोटं वाचतात. पण पावसाळ्यात काम अर्धवट पडणार असेल तर पिना काढून टाका, गंजाचा डाग जाता जात नाही. चिकटवायचा स्प्रे पण मिळतो आता, मला तो पटत नाही, पेट घेणारा असतो, खिडक्या उघड्या हव्यात आणि आपल्या घरांत स्वयंपाकघर दोन पावलांवर.

तिकडे कर्नाटकात सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका कवंदी नावाची त्यांची गोधडी शिवतात त्यात तर कच्च्या टाक्यांची भानगडच नाही, कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने आत शिवत जातात, तुकडे जाता जाता दुमडून लावतात. पण त्याला हात बसलेला लागतो, नवख्या मुलींना पट्ट्याच बऱ्या.

पुढच्या वेळी गोधडीवर लेख छापाल तेव्हा आठवणी थोड्या कमी करा आणि या पट्ट्यांचं एखादं चित्र टाका, शब्दांत वाचून अर्ध्या जणींना नीट कळणार नाही.

आपली,
एक नेहमीची वाचक, कराड