प्रत्येक काचमणी रोमचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या बंदरांवरचा लेख आवडला. मात्र तेर, नेवासे, चौल इथले काचेचे मणी त्यात सरसकट ‘रोमन’ ठरवून टाकले आहेत, ते पटले नाही. सातवाहन म्हटले की रोम आलाच, असे आपल्याकडे होऊन बसले आहे. काचेचे रासायनिक पृथक्करण, म्हणजे तिच्यात कुठला घटक किती याची तपासणी, वेगळे सांगते.

रोमन काच मुख्यतः इजिप्तचा नेट्रॉन हा खनिज सोडा आणि भूमध्य समुद्राकाठची वाळू यांपासून बनायची. त्या काचेत अल्युमिना (अल्युमिनियमचे ऑक्साइड) साधारण दोन-तीन टक्के. भारतीय मण्यांच्या एका मोठ्या गटात तोच पाच टक्क्यांच्या वर, कित्येकदा दहाच्या आसपास. कारण इथली वाळू ग्रॅनाइटसारख्या खडकांची, अल्युमिनायुक्त फेल्डस्पार खनिज मिसळलेली. आणि सोडा जमिनीवर पांढरा फुलून येणाऱ्या खाराचा, उत्तरेत ज्याला रेह म्हणतात तो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. बाजरीच्या दाण्याएवढा विटकरी मणी भिंगाखाली धरला तर आतले बुडबुडे भोकाला समांतर लांबट झालेले दिसतात, म्हणजे काचेची नळी ओढून तिचे तुकडे केले हे कळते. काच कुठली, ते तिथे कळत नाही.

रोमन काच इकडे आलीच नाही, असे माझे म्हणणे नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत भडोचला उतरणाऱ्या मालात कच्च्या काचेची नोंद आहे. पण कुठला मणी त्या काचेचा आणि कुठला इथल्या, हे तपासल्याशिवाय सांगू नये, एवढेच.

चौलची गोष्ट तर त्याहून गमतीची, आणि लेखात ती यायलाच हवी होती. शिकागोच्या फील्ड म्युझियममधील लॉर द्युस्युबिए, डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि केनियात उत्खनन करणारे चापुरुखा कुसिम्बा यांनी सहकाऱ्यांसह 2008 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या जास्त अल्युमिनाच्या काचेचेही दोन गट पडले. एकात युरेनियम कमी आणि बेरियम जास्त. तो जुना, दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडचा. दुसऱ्यात नेमके उलट. तो साधारण नवव्या शतकापासून पुढचा. हा दुसरा गट चौलला सापडला आणि केनियातल्या मण्यांतही. युरेनियम म्हटल्यावर दचकू नये, प्रमाण दशलक्ष भागांत मोजावे लागेल इतके अल्प असते. म्हणजे अरब प्रवासी अल मसूदीने दहाव्या शतकात ज्या सैमूरचे वर्णन केले, त्या आपल्या चौलच्या बाजूने काचमणी आफ्रिकेकडे जात होते. तिकडून सोने आणि हस्तिदंत येत असे. इथे रोमचा संबंधच नाही.

यावरून ‘चौलला काचेची भट्टी होती’ असा मथळा मात्र कृपया देऊ नये! काच एके ठिकाणी वितळायची, ढेपा होऊन दुसरीकडे जायची आणि मणी तिसरीकडेच बनायचे. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या जहाजात निळ्या काचेच्या सुमारे 175 ढेपा मिळाल्या, आणि त्या काचेचे घटक इजिप्तच्या काचेशी जुळले. शिवाय फुटकी काच पुन्हा वितळवली की दोन ठिकाणचे घटक एकत्र होतात आणि उत्तर धूसर होते. रसायन काचेच्या कच्च्या मालाचा माग काढते, मणी ओवणाऱ्या हातांचा नाही.

पूर्वी अशा तपासणीसाठी मण्याचा तुकडा फोडावा लागे, म्हणून संग्रहालये का-कू करत, आणि ते बरोबरच होते. आता लेझरने पाडलेले छिद्र जेमतेम केसाच्या जाडीचे असते, नुसत्या डोळ्यांना ते दिसतही नाही. तेव्हा उत्खननाची बातमी छापताना आपल्या वार्ताहरांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत: मणी कुठल्या थरात मिळाला, आणि त्याचे पृथक्करण झाले आहे का? उत्तर ‘नाही’ आले तर ‘काचेचा मणी’ एवढेच छापावे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, अलिबाग