मृत्युपत्र झालं, त्याआधीच्या वर्षांचं काय?

प्रति,
मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: म्हातारपणाची सोय शुद्धीत असताना करून ठेवता यावी, याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वय ६४. हे पत्र माझ्या नणंदेमुळे लिहिते आहे.

आमच्या वन्सं सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ‘कुणाच्या गळ्यात पडायचं नाही’ हे त्यांचं पालुपद. निवृत्तीनंतर बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी सगळी तयारी करून ठेवली होती: मुदत ठेवींच्या पावत्या, मेडिक्लेमची पॉलिसी, नोंदणी केलेलं मृत्युपत्र आणि माझ्या नावाचं मुखत्यारपत्र. डबा माझ्या हाती देताना म्हणाल्या, “वहिनी, आता तुम्हाला काही बघायला नको.” तीन वर्षांनी त्या रोज दुपारी दोनच्या सुमाराला पिशवी घेऊन ड्युटीला निघू लागल्या. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला.

पैसे लागायला लागले तेव्हा मी मुखत्यारपत्र घेऊन बँकेत गेले. अधिकारी सज्जन होता. त्याने विचारलं, “त्यांना आता समजतं का?” मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, “मग हा कागद चालणार नाही, बाई.” मला राग आला, पण चूक त्याची नव्हती. १८७२च्या करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्यारी आपोआप संपते. ज्या दिवसासाठी हा कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो रद्द होतो. हे नोटरीने सांगितलं नव्हतं, वकिलाने सांगितलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नव्हतं.

तरी एकदा वन्संना रिक्षात घालून बँकेत नेलं. हात थरथरत असेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, तशी सोय आहे. पण अंगठ्यालाही समज लागते. अधिकाऱ्याने नाव विचारलं, त्यांनी माहेरचं सांगितलं. पैसे काढायचा फॉर्म पुढे ठेवला. वन्संनी चष्मा पुसला, फॉर्मच्या अगदी वर, मधोमध, वळणदार अक्षरात ‘श्री’ लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. पत्र लिहायला बसल्या होत्या त्या. मागे रांग होती, कुणी काही बोललं नाही.

त्यांचं पेन्शन दरमहा खात्यात पडत होतं, ठेवींवर व्याज चढत होतं आणि त्यांच्या डायपरचे पैसे माझ्या पेन्शनमधून जात होते. वकील म्हणाले, पालक नेमून घ्यायचा तर उच्च न्यायालयात जा. आता कोल्हापूरला सर्किट बेंच झालं, तेव्हा मुंबईची वारी तरी वाचली असती. पण एका म्हातारीचे औषधाचे पैसे तिच्याच खात्यातून काढायला उच्च न्यायालय?

मंत्रिमहोदय, माझं म्हणणं एवढंच आहे. मी मेल्यानंतर काय व्हावं हे मला लिहून ठेवता येतं. अखेरच्या आजारात कृत्रिम श्वास नको, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालामुळे लिहून ठेवता येतं. २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी झाली, दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही पुरते. गोव्यात तर २०२४मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतःच असं पत्र नोंदवून वाट दाखवली. पण मधली पाच-आठ वर्षं, जिवंत आहे पण उमज नाही अशी, त्या वर्षांत माझा पैसा कोण खर्च करील, मी कुठे राहीन, हे बंधनकारक होईल अशा रीतीने लिहायला कागदच नाही. (वैद्यकीय इच्छापत्राची प्रत मी आमच्या पालिकेत द्यायला गेले, तर खिडकीवरच्या मुलाने विचारलं, “जन्म की मृत्यू?” मी म्हटलं, “मधलं.” तो हसला, पण प्रत कुणी घ्यायची हे त्याला ठाऊक नव्हतं.)

असा कागद अशक्य आहे का? मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी अशांसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती पालक नेमते. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे निर्वाहाचे दावे चालतातच. त्याच टेबलावर अजून एक काम द्या. शुद्धीत असताना माणसाने नोंदवलेला मुखत्यार, डॉक्टरांचा दाखला आल्यावर प्रांताधिकाऱ्यांनी मान्य करायचा आणि दरवर्षी त्याच्याकडून हिशोब मागायचा. हिशोब हवाच. सगळ्या भावजया काही देवमाणसं नसतात, आणि मुलं-पुतणे तर नसतातच नसतात. करार आणि मानसिक विकलता हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे राज्य मनात आणील तर दिल्लीच्या तोंडाकडे बघत बसायची गरज नाही. राष्ट्रपतींची संमती लागली तर मागावी.

आता पैसा हाती आला असता तरी काय विकत मिळालं असतं, तेही सांगते. मेडिक्लेम निरुपयोगी, कारण वन्सं दवाखान्यात भरतीच नव्हत्या. सत्तरीपुढच्यांच्या ५ लाखांच्या आयुष्मान कार्डाचंही तेच. राज्याच्या वयोश्री योजनेत साधनं घ्यायला ३,००० रुपये एकदाच मिळतात, तेही कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर. त्यात कमोडची खुर्ची येते, खुर्चीवर बसवणारी बाई येत नाही.

ती बाई ब्युरोकडून येते. चोवीस तासांच्या मावशीला महिन्याला २२,०००, शिवाय पहिल्या महिन्यात ब्युरोचं कमिशन. अकरा महिन्यांत सहा मावश्या झाल्या. कुणी गावच्या जत्रेला गेली ती आलीच नाही. एकीने पहिल्याच दिवशी सांगितलं, अंघोळ घालीन, पण संडासचं करणार नाही. पाचवी माण तालुक्यातली. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, तिने स्वतःच्या सासूचं केलं होतं. वन्संच्या अंगाखाली ती एक जुनं दुपटं चौघडी घालून ठेवायची आणि दर दोन तासांनी ते एका बाजूने ओढून त्यांना कुशीवर वळवायची, एकटीने, पाठ न मोडता. माकडहाडाजवळची जखम तिच्या हातून भरली. तिची कुठे नोंद नाही, तिला रजा नाही, विमा नाही, आणि तिच्याहून कमी काम येणाऱ्या बाईचाही दर तोच. उद्या तिची पाठ गेली तर तिचं कोण बघणार, हा प्रश्न मी तिला विचारला नाही. लाज वाटली.

नवजात बाळाच्या घरी आशाताई ठरलेल्या दिवशी जाऊन तपासून येतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या घरी महिन्यातून दोनदा परिचारिका का येऊ नये? केरळने २००८मध्ये धोरण करून हे काम स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अंगावर टाकलं आणि तिथे घरी परिचारिका जाते. आपल्याकडे २०११च्या जनगणनेतच साठीपुढचे एक कोटीहून जास्त होते. आणि मावशांना तीन महिन्यांचं प्रशिक्षण, नोंदणी, ओळखपत्र, एवढं तर आयटीआयच्या इमारतीतही होईल. २००७च्या कायद्यात दर जिल्ह्याला किमान १५० निराधार वृद्धांच्या वृद्धाश्रमाचंही कलम आहे, त्यात ‘करू शकेल’ असा शब्द आहे. त्या शब्दावर मी वेळ घालवत नाही.

वन्सं गेल्या माघात गेल्या. मृत्यूचा दाखला दिल्यावर नऊ दिवसांत सगळ्या ठेवी नामनिर्देशनाप्रमाणे माझ्या खात्यात जमा झाल्या. एकही सही अडली नाही.

आता तो डबा मी माझ्यासाठी वापरते. मुलगी बंगळुरूला असते, तिच्या नावाने मुखत्यारपत्र करायला वकिलांनी सुचवलं, मी अजून केलेलं नाही. कायद्याचा मसुदा करायला समिती नेमलीत, तर वकील आणि डॉक्टरांबरोबर त्यात एक मावशीही घ्या, माणची. आणि मला बोलावलंत तर मी येईन. एसटीला अर्धं तिकीट आहेच.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका