लेबलवर मीटर लिहा, मग नवीन लोकरीचं कौतुक करा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही यंदाच्या थंडीतल्या नवीन लोकरींवर अर्धं पान दिलंत, मखमली, जाडजूड, सप्तरंगी वगैरे, फोटो एकदम मस्त होते, पण लिहिणाऱ्याने त्यातली एक तरी लोकर सुईवर चढवून बघितली असेल असं काही वाचताना वाटलं नाही. आम्ही नाशकातल्या काही बायका (आणि एक रिटायर्ड काका, मोजे आमच्यात सगळ्यात छान तेच विणतात) शनिवारी संध्याकाळी गंगापूर रोडला एकत्र विणायला बसतो, तिथे तुमचं ते पान हातोहात फिरलं आणि त्यावर जे काय बोलणं झालं ते म्हटलं तुम्हाला कळवूनच टाकू.

पहिली ती मखमली लोकर. दुकानात हातात घेतली की गालाला लावावीशी वाटते आणि दुकानदारही तेच करायला लावतो. पण घरी आणून टाके घातले की टाका दिसतच नाही, नुसतं बोटाने चाचपडत पुढे जायचं, सुलट कुठला उलट कुठला देव जाणे. आणि चुकलं म्हणून उसवायला गेलात तर वरची लव गळून मधला दोरा टकला होतो, तो परत वापरायची सोय नाही. विणून झाल्यावर चार वेळा वापरलं-धुतलं की मधूनच टाके सैल होऊन वेटोळी वर येतात, विशेषतः सैल हाताने विणलं असेल तर. आमच्यातल्या कॉलेजच्या मुलींना मात्र ती फार आवडते, त्या त्याचे ससे-अस्वलं करतात क्रोशाने, जपानी पद्धतीची ती अमिगुरुमी बाहुली, त्यात घट्ट विणून आत कापूस भरायचा असतो त्यामुळे वेटोळी यायचा प्रश्न नाही आणि मुली त्यातून पॉकेटमनी पण काढतात. तेव्हा वाईट आहे असं नाही म्हणत, खेळण्याला, उशीच्या अभ्र्याला चालेल. स्वेटरला नको.

दुसरी ती अंगठ्याएवढी जाड. एका दिवसात स्वेटर तयार म्हणे. होत असेल, पण घालणार कुठे? निफाडचा पारा किती घसरला हे तुम्हीच दरवर्षी पहिल्या पानावर छापता, कबूल, पण ती थंडी पहाटेची, अकराला ऊन चढलं की साधं स्वेटरसुद्धा कमरेला बांधून फिरावं लागतं. मुंबई-ठाण्याच्या लोकांनी तर ही लोकर घेऊन फक्त फोटोच काढावेत. आपल्याकडे चालतं ते हाफ स्वेटर, बिनबाह्यांचं जाकीट, पातळ शाल, कानटोपी, म्हणजे बारीक लोकर आणि बारीक सुया. ती बारीक लोकर आमच्या इथल्या दुकानांत दर सीझनला कमी कमी होत चाललीय, आणि मिळते ती पांढरी, बेबी पिंक, आकाशी आणि तो एक लिंबू कलर. नवे शेड्स सगळे जाड लोकरीत.

सप्तरंगीबद्दल मात्र आमच्यात दोन तट पडले. एकाच गुंड्यात रंग आपोआप बदलत जातात, काही न करता पट्टे पडतात, नवशिक्यांना भारी वाटतं आणि वाटू दे की, हुरूप येतो. पण रंगाचा तुकडा ठरावीक लांबीचा असतो ना, मग पाठ विणताना ओळ लांब असते त्यामुळे एक रंग दोन-तीन ओळींत संपतो आणि बाहीवर ओळ छोटी म्हणून तोच रंग सात-आठ ओळी चालतो, म्हणजे अंगावर बारीक पट्टे आणि बाहीवर हे एवढाले जाड, दोन वेगळ्या स्वेटरांचे भाग जोडल्यासारखं ध्यान दिसतं. स्कार्फ करा, टोपी करा, शाल तर फारच सुंदर होते. पण तुमच्या लेखात त्याच लोकरीचं लेडीज कार्डिगन सुचवलंय, म्हणून सांगते.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी एवढं टाईप करत बसलेय. नवीन येऊ दे हो काय यायचं ते, पण त्या गुंड्यावर लिहिलेलं काय असतं? वजन, एमआरपी, शेड नंबर, कधी कधी लॉट नंबर, बस. लांबी किती मीटर ते बऱ्याच गुंड्यांवर नसतं. माझी भाची टोरंटोहून मोज्यांची लोकर घेऊन आली होती, त्याच्या कागदी पट्टीवर 75 टक्के मेरिनो (मेंढीची मऊ लोकर), 25 टक्के नायलॉन, 100 ग्रॅममध्ये साधारण 400 मीटर, सुई किती मिमीची, 10 सेंमीत टाके किती बसतात, धुवायचं कसं, सगळं त्या एवढ्याशा पट्टीवर. आपल्याकडे दुकानदाराला विचारलं तर म्हणतो फोर प्लाय आहे मॅडम. अहो प्लाय म्हणजे पदर किती पिळलेत ते, चार बारीक पदर पिळले तरी फोर प्लाय आणि चार जाड पिळले तरी फोर प्लायच, त्यावरून जाडी कशी कळणार. आणि ग्रॅमवरून तर अजिबात नाही, तेवढ्याच जाडीचं कॉटन घेतलं तर ते वजनाला भारी असल्यामुळे 100 ग्रॅममध्ये लोकरीपेक्षा कमी मीटर मिळतं, मग दुसरी बाही अर्ध्यावर आली की लोकर संपते आणि आपण परत दुकानात.

आणि परत दुकानात गेल्यावर तो लॉट शिल्लक नसतो. शेड नंबर तोच, पण रंगवलेला घाणा वेगळा, ट्यूबलाइटखाली दोन्ही गुंडे सारखेच दिसतात आणि बाहेर उन्हात आलं की बाहीवर सरळ रेघ मारल्यासारखा पट्टा. काही दुकानांत तर मोठी बॅग फोडून सुटे गुंडे देतात, त्यावर लॉट नंबर सोडा, कागदच नसतो. कॉटन म्हणून विकतात त्यात सूत किती आणि ॲक्रिलिक (म्हणजे कृत्रिम धागा) किती हे विचारायचीही सोय नाही. ते बाळाच्या कपड्यांसाठी मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण डॉक्टर नको नको म्हणत असले तरी आपल्याकडे अजून कित्येक घरात बाळाला शेक-शेगडी चालते, आणि खरी लोकर ठिणगी पडली तर काळी होऊन बहुतेक वेळा तिथेच विझते, ॲक्रिलिक पेट घेतं आणि वितळून कातडीला चिकटतं. ॲक्रिलिक टाकाऊ आहे असं नाही माझं म्हणणं, स्वस्त आहे, कसर लागत नाही, मशीनमध्ये धुता येतं, आम्ही सगळ्याच वापरतो. फक्त काय आहे ते लिहा. (आणि त्यावर गरम इस्त्री फिरवू नका कुणी, त्याचा जीव जातो, परत उभारी येत नाही.)

पॅटर्नचं तर विचारूच नका. तुमच्या पुरवणीत मुलांच्या स्वेटरचा जो पॅटर्न दिलाय त्यात 10 नंबर सुया घ्या एवढंच म्हटलंय. कुठल्या 10? माझ्याकडे आईच्या ॲल्युमिनियमच्या सुया आहेत, टोपणावर 10 कोरलेलं, ती जुनी ब्रिटिश मोजणी, त्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, 10 म्हणजे सव्वातीन मिमी. अमेरिकन मोजणीत बरोब्बर उलटं, त्यांची 10 नंबर म्हणजे 6 मिमी. जवळजवळ दुप्पट! त्या पॅटर्नमधली लोकर बघता तो अमेरिकन असावा असा आमच्या काकांचा अंदाज, पण अंदाजावर कोणी दोन महिने विणावं का? सरळ मिमी छापा, विषय संपला. आणि 10 सेंमीत किती टाके आले पाहिजेत ते पण. लोकांना वाटतं एखाद-दोन टाक्यांनी काय होतंय, तर 110 टाक्यांची पाठ 22 च्या हिशोबाने 50 सेंमी भरते आणि 20 च्या हिशोबाने 55, पुढचा भाग धरून घेरात 10 सेंमीचा फरक, म्हणजे मुलाचं विणायला घेतलं आणि बापाला बसलं.

वरून खाली, न जोडता, गोल सुईवर विणायचे जे नवीन पॅटर्न येतात त्यांना आमच्यातल्या जुन्या काकू नाकं मुरडतात, त्यांना पाठ वेगळी, पुढचे भाग वेगळे, बाह्या वेगळ्या आणि शेवटी बसून शिवण, हेच खरं विणकाम वाटतं. मी मात्र नवीनच्या बाजूने. स्वेटरचं वजन मांडीवर राहतं, लांब सुयांवर पेलायला लागत नाही, ज्यांचे खांदे दुखतात त्यांनी करून बघा. आणि अधेमध्ये अंगाला लावून बघता येतं, लांबी कमी वाटली तर तिथूनच पुढे विणायचं.

पण मापं कुणाची? ते नवजात बाळाचे पॅटर्न तिकडच्या बाळांचे असतात, तिकडचं बाळ जन्मतः साडेतीन किलोच्या आसपास आणि आपलं साधारण पावणेतीन, मग टोपी नाकावर येते आणि मोजे पायातून गळतात. आपल्याकडे बाळंतविडा ही केवढी मोठी गोष्ट, कुंची, टोपी, स्वेटर, मोजे, दुपटं, आजही आज्या-मावश्या सातव्या महिन्यापासून विणायला बसतात, आणि कुंचीचा एक धड मापासकट लिहिलेला मराठी पॅटर्न शोधायला गेलं तर मिळत नाही, सगळं कोणाच्या तरी आजीच्या डोक्यात. पहिल्या संक्रांतीला, बोरन्हाणाला काळं झबलं किंवा स्वेटर विणतात, त्यावर हलव्याचे दागिने उठून दिसतात, तर त्या वेळेला नेमकी काळी बारीक लोकर दुकानातून गायब. तिथे पण एक सूचना, काळ्यावर रात्री विणायला बसू नका, टाके दिसत नाहीत, दुपारच्या उजेडात खिडकीशी बसा.

आणि उन्हाळ्याचं काय? आपल्याकडे थंडी दोन-अडीच महिने, बाकीचं वर्ष विणणाऱ्यांनी सुया ठेवून द्यायच्या का. विदर्भ-खानदेशात एवढा कापूस पिकतो पण विणायला मऊ, मध्यम जाडीचं, चांगल्या रंगातलं सूत आमच्या इथे शोधून शोधून मिळतं, क्रोशाचा पिळाचा चकचकीत दोरा मिळतो तो रुमाल-तोरणाला ठीक, अंगाला नाही. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, मनगटाची पट्टी ढिली पडते, भिजलं की लोंबतं, हे सगळं मान्य, म्हणून निम्मं सूत निम्मं ॲक्रिलिक असं काही आलं तर आम्हाला हवंय. तुमच्या लेखात सूत हा शब्द एकदाही आला नाही.

तर संपादक साहेब, लोकर बनवणारे तुमच्याकडे जाहिरात घेऊन येतच असतील, त्यांना एवढं विचारा की लेबलवर मीटर का नाही. आणि पुढचा पॅटर्न छापायच्या आधी विणणाऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या, आम्ही शनिवारी असतोच, फुकट तपासून देऊ. कुंचीचा छापलात तर उत्तमच, माप, मिमी, मीटर सगळं आम्ही लिहून देतो, फक्त तो गणपती झाल्या झाल्या छापा. तुमचं विणकामाचं पान डिसेंबरात येतं, तोपर्यंत आमची अर्धी थंडी संपलेली असते.

आपली,
एक विणणारी वाचक, नाशिक