पेशंटसाठी एक कपाट तरी ठेवा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या आरोग्याच्या पानावर किडनीवरचा लेख आला होता, चांगला होता, मी कापून ठेवला. कापताना पान उलटलं तर बरोबर त्याच्या पाठीवर अर्धं पान जाहिरात, 'डायबेटिस ९० दिवसांत मुळापासून बरा' आणि खाली मोबाईल नंबर. म्हणजे आता माझ्या फाईलमध्ये लेख आणि जाहिरात एकाच कागदावर आहेत. असल्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे, त्यात आजारांची यादीच दिलीय आणि डायबेटिस त्या यादीत आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, तो विषय मी वाढवत नाही. मला विचारायचंय ते वेगळंच. एवढं सगळं समोर येतं, पेपरात, मोबाईलवर, शेजारणीच्या तोंडून, तर साध्या माणसाने यातलं खरं काय हे बघायला जायचं कुठे?

मी चिपळूणजवळच्या एका गावात राहते. आमचे हे एसटीतून रिटायर झालेले, बीपी जुनं, आणि दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कसं काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढलेलं निघालं. डॉक्टर वाईट नव्हते हो, पण बाहेर चाळीस पेशंट बसलेले, आम्हाला किती वेळ मिळणार. चार-पाच मिनिटांत सांगितलं की किडनी कमी काम करतेय, गोळ्या घ्या, पथ्य पाळा, आणि बाहेर सिस्टरने एक छापील कागद हातात दिला. पूर्ण इंग्लिशमध्ये. त्यात काय खाऊ नका याची यादी, झुकिनी काय, ॲव्होकाडो काय, आणि एक होतं केल. ती विलायती पालेभाजी आहे म्हणे, पण आमच्या ह्यांनी स्पेलिंग वाचलं ते 'काळे', आणि काळे म्हणजे काळे वाटाणेच असणार असं धरून आमच्या घरी तीन महिने काळ्या वाटाण्याची आमटी बंद. बरं, डाळी-कडधान्यं मोजूनच खायची असतात या आजारात त्यामुळे चुकून थोडं बरोबरच झालं म्हणा, पण हसावं की रडावं कळेना. आणि जे आम्ही रोज खातो, सुका बांगडा, सुकट, लोणचं, सांडगी मिरची, सोलकढी, त्याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नाही.

मग जे होतं ते झालं. भाऊजींना व्हॉट्सॲपवर आलं की शहाळ्याचं पाणी किडनी धुऊन काढतं. भाऊजींचा जीव आहे भावावर, रोज सकाळी दोन शहाळी घेऊन हजर. मी पण आपली पालकाचं सूप, टोमॅटोचं सार, केळं, सगळं 'नॅचरल'. त्यात पुण्याहून पुतणी आली तिने मिठाची नवी पुडी आणली, सोडियम कमी असलेलं मीठ, काकांचं बीपी आहे ना म्हणून, महागाचं होतं पण पोरीने प्रेमाने आणलेलं. पंधरा-वीस दिवसांत यांचे पाय गळाल्यासारखे झाले, जिना चढवेना. रक्त तपासलं तर पोटॅशियम ६.३. ते साधारण साडेतीन ते पाचच्या मधे पाहिजे. लगेच ॲडमिट, ईसीजी, आणि सलाईनमधून इन्सुलिन लावलं तर मी तिथे भांडायला उभी की यांना शुगर नाही, इन्सुलिन कसलं देताय! तेव्हा एका ज्युनियर डॉक्टर मुलीने, माझ्या मुलीच्या वयाची असेल, बाजूला बसवून समजावलं की इन्सुलिनने रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं, बरोबर ग्लुकोज देतात म्हणजे साखर उतरत नाही, आणि पोटॅशियम असंच वाढत राहिलं तर हृदय बंद पडू शकतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि त्या मिठात तर सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईडच घातलेलं असतं. घरी येऊन पुडी उलटी करून बघितली तर मागे लिहिलेलं होतं की हो, मुंगीएवढ्या अक्षरात.

आता यात खोटं कोण बोललं सांगा. शहाळं चांगलंच असतं, धडधाकट माणसाला. कमी सोडियमचं मीठ पण चांगलं असतं, २०२५ च्या जानेवारीत डब्ल्यूएचओने स्वतः सांगितलं की घरातल्या जेवणात साध्या मिठाच्या जागी असं मीठ वापरायला हरकत नाही, पण त्यातच स्पष्ट म्हटलंय की ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांना, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना हा सल्ला लागू नाही. पहिलं वाक्य सगळीकडे फिरतं आणि दुसरं वाक्य वाटेत गळून पडतं. माहिती कमी आहे असं मला वाटतच नाही, ढीग आहे माहितीचा, पण ती कोणासाठी आहे ते सांगणारं कोणी नाही. प्रोटीनचंच बघा, किडनी कमी झाली की डॉक्टर प्रोटीन कमी करायला सांगतात आणि डायलिसिस सुरू झालं की तोच पेशंट, तीच किडनी, पण आता प्रोटीन वाढवा म्हणतात. दोन्ही बरोबर. आता हे व्हॉट्सॲपवर कसं कळणार माणसाला.

मी अशी जागा एकदा बघितलीय म्हणून हे लिहितेय. २००४ ला माझ्या बहिणीला ब्रेस्टचा कॅन्सर निघाला, टाटाला ट्रीटमेंट चालू होती आणि मी सोबतीला मुंबईत राहिले होते दोन-अडीच महिने. कोणीतरी सांगितलं की फोर्टात एक लायब्ररी आहे पेशंट लोकांसाठी, 'हेल्प' नावाची, हेल्थ एज्युकेशन लायब्ररी फॉर पीपल. डॉ. अनिरुद्ध मालपाणी आणि डॉ. अंजली मालपाणी या जोडप्याने नव्वदच्या दशकात सुरू केलेली, स्वतः दोघं वंध्यत्वाचे डॉक्टर पण लायब्ररी सगळ्या आजारांची. मी घाबरत गेले, म्हटलं इंग्लिश येत नाही, फी विचारतील, कोण पेशंट विचारतील. कोणी काही विचारलं नाही. फुकट. टेबलखुर्ची, पुस्तकं, पत्रकं, आणि तिथल्या बाईंनी एवढंच विचारलं की तुम्हाला काय जाणून घ्यायचंय. मी म्हटलं केमो चालू असताना बहीण जेवत नाही तर काय देऊ. त्यांनी तीन-चार पुस्तकं काढून खुणा घालून समोर ठेवली आणि म्हणाल्या, आम्ही डॉक्टर नाही, सल्ला देणार नाही, पण हे वाचा आणि तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. प्रश्न लिहून न्यायचे असतात हेच मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्याच दिवसांत जास्कॅप या मुंबईच्याच संस्थेच्या कॅन्सरवरच्या पुस्तिका मिळाल्या, मराठीत होत्या, ब्रिटनमधल्या एका कॅन्सर संस्थेच्या पुस्तिकांवरून केलेल्या. भाषा जरा अवघड होती पण बहीण रात्री उशाशी घेऊन बसायची. आज ती ठणठणीत आहे, ती ट्रीटमेंटमुळे, पुस्तिकेमुळे नाही, तेवढं मला कळतं. पण त्या अडीच महिन्यांत ती कमी घाबरली ते त्या पुस्तिकेमुळे.

माझ्या मुलाने नंतर शोधून सांगितलं की अमेरिकेत १९८१ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोला प्लेनट्री नावाच्या संस्थेने अशी लायब्ररी काढली होती, डॉक्टरांची जाडजूड पुस्तकं सुद्धा साध्या माणसाला उघडून बघू द्यायचे. हिप्पोक्रॅटिस ज्या झाडाखाली बसून शिकवायचा म्हणतात त्या झाडाचं नाव दिलंय संस्थेला. (आमच्याकडे बाजारच्या दिवशी वडाखाली वैदू बसतो, तो पण शिकवतोच म्हणा.)

ह्यांना घरी आणल्यावर मी आमच्या गावच्या वाचनालयात गेले, म्हटलं काही मिळतंय का बघू. आरोग्याचं कपाट आहे. उघडलं तर त्यात काय, गोमूत्राने कॅन्सर बरा, लिंबूपाण्याने हार्टचे ब्लॉक मोकळे, आणि एक आहारशास्त्राचं जुनं पुस्तक ज्याची पानं हातात येतात. ग्रंथपाल बाईंना म्हटलं ही काढून टाका की, तर म्हणाल्या ताई, लायब्ररीचा दर्जा ठरवताना पुस्तकांची संख्या पण बघतात, काढली तर आकडा कमी होतो. म्हणजे कथा-कादंबरी जुनी झाली तर तिला मान, ठीक आहे, पण औषधाचं पुस्तक जुनं झालं तर ते एक्स्पायरी संपलेल्या गोळीसारखं आहे, ते आकडा भरायला ठेवून कसं चालेल?

महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, सरकारमान्य वाचनालयं दहा हजारांच्या वर आहेत, खेड्यापाड्यात आहेत. नवीन काही बांधायला नको. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, आमच्या चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, २००५ ला पुराचं पाणी शिरलं, २०२१ ला परत शिरलं, तरी उभं आहे. अशा प्रत्येक तालुक्याच्या एका वाचनालयात आणि जमलं तर सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत, जिथे माणूस नाहीतरी तीन तास बाकावर बसून असतो, पेशंटसाठी एक कपाट, एक टेबल आणि एक शिकवलेला माणूस, एवढंच माझं मागणं आहे.

ठेवायला मराठीत काही नाही असं म्हणू नका, आहे. राजकोटचे किडनीचे डॉक्टर संजय पंड्या यांनी पेशंटसाठी लिहिलेलं पुस्तक मराठीत पण आहे आणि नेटवर फुकट मिळतं, मी प्रिंट काढून स्पायरल केलंय. बटाटा, भाजी बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात भिजत घालायची, ते पाणी टाकायचं, मग नव्या पाण्यात शिजवायची म्हणजे पोटॅशियम बरंच उतरतं, हे मला कळलं. चव जाते हो, खोटं कशाला बोलू, हे अजून कुरकुरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात भारतीयांसाठी आहाराच्या १७ सूचना काढल्या, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे सगळं मिळून एक छोटा चहाचा चमचा, भाज्या-फळं किती, डाळ किती, सगळं आहे, पण पुस्तक इंग्लिशमध्ये आणि जवळजवळ दीडशे पानं. आणि मुळात ते निरोगी माणसासाठी आहे, कोणी तेच किडनीच्या पेशंटला लावलं तर परत आमच्या शहाळ्याची गोष्ट. म्हणून कपाटात प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ठळक चिठ्ठी पाहिजे, हे कोणासाठी, कोणासाठी नाही, कोणी लिहिलं आणि कुठल्या साली. आणि शेवटच्या पानावर पावडर किंवा काढा विकायला असेल तर ते पुस्तक कपाटात येताच कामा नये.

बाकी आमच्या ताटातलं कोणीतरी मराठीत लिहायला पाहिजे. सुक्या बांगड्यात मीठ किती, तो भिजवून पाणी टाकलं तर किती कमी होतं, नारळाचा रस किडनीवाल्याने किती घ्यावा, सैंधव चालतं का. (हे शेवटचं मी विचारून घेतलं, सैंधव पण बहुतेक सगळं सोडियम क्लोराईडच असतं, बीपीला तेवढंच वाईट.) होम सायन्सच्या मुली दरवर्षी प्रोजेक्ट करतात, त्यांना हे द्या ना, झुकिनी कशाला.

काही डॉक्टर लोकांना राग येईल, पेशंट वाचून आला की डोकं खातो म्हणतात. खातो, मी पण खाल्लंय. पण साहेब, पेशंट वाचून येणारच आहे, मोबाईल काही तुम्ही काढून घेणार नाही. तो काय वाचून येतो तेवढं तुमच्या हातात आहे. मी आता तीन प्रश्न लिहून नेते, तीनच, चौथा विचारत नाही, आणि आमचे डॉक्टर मला पहिल्यापेक्षा जास्त वेळ देतात असा माझा अनुभव आहे.

आमच्या ग्रंथपाल बाईंनी आता एक खण रिकामा करून दिलाय. माझं स्पायरल तिथे ठेवलंय, घरी न्यायचं नाही, तिथेच बसून वाचायचं, आणि सोमवार-गुरुवार संध्याकाळी मी असते. महिनाभरात सात जण आले, त्यातले दोघं चुकून, त्यांना स्पर्धा परीक्षेचं पुस्तक पाहिजे होतं.

पत्र छापलंत तर उपकार होतील, फक्त त्याच्या पाठीवर काय छापताय तेवढं एकदा बघा.

तुमची एक जुनी वाचक,
चिपळूण तालुका

ता. क. : एक राहिलंच. कमरख, ज्याच्या चांदणीसारख्या चकत्या पडतात, आता बाजारात यायला लागलेत. किडनीच्या पेशंटला ते एक फळ सुद्धा देऊ नका. त्यातलं विष किडनीतून बाहेर पडत नाही, उचक्या लागतात, माणूस बरळायला लागतो, जिवावर बेतू शकतं. चुकून खाल्लं आणि उचकी थांबेना तर पाणी पाजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.