नाइटनंतरचं ऑपरेशन थिएटर

दापोली,
ऋषिपंचमी

प्रिय नंद्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. आमचं बरं आहे. माझी साखर थोडी वर, गोळी वाढवली. आईचे गुडघे कुरकुरतात, तरी यंदाचे मोदक तिनेच वळले.

लिहायला बसलो ते ताईच्या बंटीपायी. माझ्या हॉस्पिटलच्या उद्घाटनाला तुझ्या बुटात पाणी ओतलं होतं, तोच. आता सर्जरीत जेआर-वन आहे, निवासी डॉक्टरकीचं पहिलंच वर्ष. गणपतीची रजा मिळाली, पण इमर्जन्सीची रात्र काढून, सकाळचा राउंड आणि दुपारपर्यंतची ड्रेसिंगं उरकून. मग गणपतीच्या गर्दीत गाडीत उभ्याने प्रवास. पहाटे खेडला उतरला, तिथल्या मित्राची मोटारसायकल घेतली आणि फुरूसच्या पुढे एका वळणावर सरळ चिऱ्याच्या गडग्यावर गेला. कॉलरबोन मोडलं, हनुवटीला टाके. हेल्मेट होतं. सीटी केला, स्वच्छ आहे. पण मी त्या जागी जाऊन आलो, रस्त्यावर ब्रेकची खूणसुद्धा नाही रे. "डोळा लागला होता का?" विचारलं, तर म्हणाला, "नाही मामा, मी पूर्ण जागा होतो."

हे वाक्य तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? ताईला सांगितलं तर ती त्याला कॉलेजात परत पाठवायची नाही. बापट्याच्या अपघाताच्या वेळी सगळे पावसाला दोष देऊन मोकळे झाले होते. आपण दोघांनी त्याला आदल्या रात्री पाहिलं होतं.

संध्याकाळी आरतीनंतर बंटी झोळीतला हात सांभाळत खुर्चीच्या दांडीवर दोऱ्याच्या गाठी मारत बसला होता. डाव्या हाताने, एकहाती. एकेक गाठ चौकोनी, पक्की, कुठे सरकायची नाही. तू असतास तर पाठ थोपटली असतीस. आणि गाठी मारता मारता त्याने सांगितलं, की त्याच रात्री त्याने एका पेशंटचं रक्त पातळ करायचं हेपॅरिन शेजारच्या खाटेच्या केसपेपरवर लिहिलं. नाइटच्या सिस्टरने पकडलं म्हणून निभावलं. अक्षर त्याचं, सही त्याची, पण लिहिल्याचं त्याला काही केल्या आठवत नाही. सवयीचं काम हात करत राहतात, म्हणून बॉसला वाटतं पोरगा ताजातवाना आहे. पोरालाही तसंच वाटतं.

नंद्या, मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. २००३ साली अमेरिकेत निघालेलं एक काम आहे: चौदा दिवस रोज सहा तास किंवा कमी झोप दिली, की लक्ष आणि स्मरण दोन अख्ख्या रात्री जागल्यासारखं घसरू शकतं, आणि माणसाला स्वतःला त्याचा फारसा पत्ताच नसतो. मग "थकलास तर सांग" हा तुझा नियम कुणाच्या उपयोगाचा? ज्याला कळत नाही तो सांगणार काय? आणि कळलं तरी युनिटमध्ये कोण बोलतो? आपण बोललो होतो?

१९९७ साली 'नेचर'मध्ये आलं होतं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी होते आणि २४ तासांनी साधारण ०.१० टक्क्यांसारखी. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. माझ्या वाडीतला पाडेली तेवढी घेऊन आला तर मी त्याला माडाला हात लावू देणार नाही. आणि बंटीच्या हातात आपण जखम उघडी धरायला रिट्रॅक्टर देतो, वर दुर्बिणीचा कॅमेरा हलला म्हणून ओरडतो. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये आलं: रात्रभर जागलेल्या सर्जनांनी दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या सिम्युलेटरवर २० टक्के जास्त चुका केल्या आणि १४ टक्के जास्त वेळ घेतला.

आता तू २०१६ची ती ट्रायल काढशील, मला माहीत आहे. दोनदा पाठवली आहेस, तिसऱ्यांदा नको. अमेरिकेतले सर्जरीचे ११७ प्रोग्रॅम, काहींना ड्युटी लांबवायची मोकळीक दिली, मृत्यू आणि मोठ्या कॉम्प्लिकेशनमध्ये फरक नाही. मान्य. पण दोन्ही गटांना आठवड्याची सरासरी ८० तासांची मर्यादा होतीच ना? बंटीचे ८० तास शुक्रवारी संपतात आणि शनिवारी त्याची इमर्जन्सी असते. ओंटारियोचं २०१५चंही तसंच. रात्री जागून दिवसा ऑपरेशन करणाऱ्यांच्या पेशंटना जास्त त्रास झाला नाही, खरं आहे. पण ते शिकून तयार झालेले सर्जन, अंगात नसेल तर ऑपरेशनची लिस्ट पुढे ढकलू शकणारे. जेआर-वन काय ढकलणार? ट्रॉली?

गच्चीवरचं ते भांडण आठवतं? तू म्हणालास, घरी जाणारा सर्जन पेशंटला वाऱ्यावर सोडतो. मी तुला कसाई म्हणालो, तू माझी चप्पल खाली मेसच्या पत्र्यावर फेकलीस, आणि अण्णाने दुसऱ्या दिवशी दोघांनाही शिळी पोळी वाढली. तुझ्या म्हणण्यात तथ्य होतं, आजही आहे. फुटलेल्या आतड्यासाठी पोट उघडलेल्याने पेशंट तिसऱ्या दिवशी पाहिला नाही तर तो शिकणार काय? शिवाय ड्युटी बदलताना पेशंट सोपवायचा हँडओव्हर ढिसाळ झाला तर तेवढाच घात होतो. मी रात्री काढून घ्या म्हणत नाही. रात्रीच्याच केसेस आपल्याला सर्जन करून गेल्या. माझं म्हणणं नाइटनंतरच्या सकाळपुरतं आहे.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली १८ वर्षांची एक मुलगी हॉस्पिटलात गेली, रेसिडेंटांच्या लांबलचक ड्युटीवर बोट ठेवून बापाने पाठपुरावा केला आणि १९८९मध्ये तिथे रेसिडेंटांसाठी आठवड्याला ८० तासांचा नियम आला. आपल्याकडे १९९२च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेतच साधारणपणे सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिलं आहे. आपण एम.एस. करत होतो तेव्हा तो कागद निघालेला होता रे! ढेकणांच्या त्या खाटेवर आळीपाळीने पाठ टेकत होतो तेव्हा. २०२४मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या टास्क फोर्सने ७४ तास सुचवले. कागदांना तोटा नाही, पण ड्युटी लिस्ट लावतो युनिट हेड. आणि यंदा तो तू आहेस.

म्हणून मागतो. नाइट झालेल्या पोराला सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये उभं करू नकोस. हँडओव्हर ठरलेल्या वेळी, खाटेपाशी, सीनियरच्या देखत होऊ दे. आणि झोपल्याशिवाय कुणाला दुचाकीवर बसू देऊ नकोस. अमेरिकेतल्या इंटर्नांचा २००५चा अभ्यास सांगतो, लांबलेल्या ड्युटीनंतर घरी जाताना अपघाताचा धोका दुपटीहून जास्त. तुझ्याकडे माणसं कमी आहेत, दोन पोस्ट रिकाम्या आहेत, डीन ऐकत नाही, सगळं माहीत आहे. तरी एका युनिटपुरतं करून बघ. बाकीचे बॉस हसतील. हसू दे, तुझ्या लग्नातल्या सफारीला सगळं गाव हसलं होतं, त्यातून तू तरलासच.

फ्लॅटचा ताबा मिळाला, छान झालं. वहिनींचा खांदा आता कसा आहे? मीनूच्या लग्नाला आम्ही सगळे आहोत. आमसुलं आणि कोकमाचं आगळ जोशांच्या गाडीने पाठवतोय, बरणी उभीच ठेव.

दिवाळीनंतरची ड्युटी लिस्ट लागायच्या आत मला कळव, नाही म्हणणार असशील तर का नाही ते सविस्तर लिही. मी भांडायला तिकडे येईन.

तुझा,
बाळ्या